कोरडा फुगा

संकटात माणसाने मौन धारण करावे, असे थोर माणसे सांगून गेली आहेत. त्यांतल्या एकालाही रेडिओवर फुटबॉलचे धावते वर्णन करून पोट भरावे लागले नव्हते. आमच्या समालोचकांनी उभी हयात तेच केले. त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर आडवे पडल्यावरही त्यांच्या तोंडाला कुलूप लागेना.

मांडीतली रक्तवाहिनी तुंबली होती आणि पायाच्या अंगठ्यावरची जखम काही केल्या भरत नव्हती. आज वाट मोकळी झाली नाही तर पाऊल कापावे लागेल, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. "तोंड शाबूत राहील ना? मग काय," असे म्हणत बायकोने डोळे पुसले होते.

फक्त जांघ बधिर केलेली. समोरच्या पडद्यावर स्वतःचीच रक्तवाहिनी दिसत होती. साध्या फुग्याने वाट रुंद करून झाली, तसे डॉक्टर गंभीर झाले.

"आता औषधाचा फुगा. नुसती वाट रुंद केली तर ती पुन्हा आवळते, म्हणून याच्यावर औषधाचा लेप आहे. तो भिंतीला चोपडायचा. ओला झाला की लेप गेला, आणि या मापाचा हा एकच आहे. पाण्याजवळ कोणी न्यायचा नाही. कळलं?"

"कळलं सर," सिस्टर म्हणाल्या.

"कळलं!" समालोचक म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, काका."

सिस्टर इंजेक्शन भरायला वळल्या. डॉक्टरांनी पडद्यावर नजर ठेवून फुगा उचलला. साधे फुगे भिजवून आत घालण्यात त्यांची उमर गेलेली; हात आपसूक पाण्याच्या वाटीकडे निघाला.

"ऑफसाइऽऽड!"

काचा हादरल्या. फुगा पाण्याच्या बोटभर वर थांबला. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताकडे परक्यासारखे पाहिले.

"सवय हो, काका."

"चालायचंच. तुमची हाताची, माझी तोंडाची. खेळ सुरू करा!"

आता घाई होती. लेप रक्तात विरघळायच्या आत मुक्काम गाठायचा होता.

"डॉक्टर जांघेतून आत घुसलेत! सरळ खाली... वळणावर अडखळले! गेली का संधी? नाही, निसटले! काय चपळाई!"

"काका, श्वास घ्या," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचाही श्वास अडकलाच होता.

फुगा फुगला. रक्त अडताच पोटरीत अशी कळ उठली की समालोचकांनी टेबलाची कड गच्च धरली. "फुगवून धरलाय... धरलाय... आई गं... अजून धरलाय!"

फुगा मिटून बाहेर आला. रक्ताची वाट दिसावी म्हणून आत रंग सोडला. पडद्यावर काळी रेघ मांडीतून सुटली ती गुडघा ओलांडून थेट पावलापर्यंत पोचली.

"गोऽऽल!"

ओरडले ते डॉक्टर आणि सिस्टर. समालोचक मान उचलून आपल्या अंगठ्याकडे बघत होते. सिस्टरनी पाऊल चाचपले. "गरम लागतंय हो, काका!"

बाहेर आणल्यावर बायकोने विचारले, "चालतील ना हे?"

"चालतील? धावतील!" डॉक्टर म्हणाले.

हे ऐकून समालोचक ताडकन उठू लागले. सिस्टरनी त्यांना खांदा धरून परत आडवे केले. जांघेतले भोक बुजेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, तो पाय हलवायचा नव्हता.