पिवळं काहीतरी

मामाच्या स्टुडिओतून आजवर कुणी कुरूप होऊन बाहेर पडलेलं नाही. पुटकुळ्या, डोळ्यांखालची वर्तुळं, आदल्या दिवशीच्या भांडणाची सूज, सगळं तो माउसच्या टोकाने पुसून टाकतो आणि गिऱ्हाईक हौशी असेल तर वर कोटही चढवतो. एकदा एका गृहस्थांनी पुसण्याआधीचा फोटो चुकून पाहिला आणि 'हे थोबाड माझं नाही' म्हणत दुकान डोक्यावर घेतलं. तेव्हापासून मामाने शिरस्ता पाडला. फोटो साफ झाला की मूळचा उडवायचा. पुरावा ठेवायचाच नाही.

हा शिरस्ता केवढ्याला पडू शकतो, ते त्याच्या भाचीला त्या रविवारी कळलं.

भाची प्राणिशास्त्र शिकून पाणपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात लागली होती आणि केंद्र जवळ पडतं म्हणून या हिवाळ्यापासून मामाकडे राहायला आली होती. लहानपणी ती आंघोळीच्या पाण्यालाही 'पण ऊब जाते कुठे?' असं विचारायची, म्हणून घरात तिचं नाव शंकासुर पडलं. मामा लाडाने 'शंके' म्हणायचा. तिने आल्या आल्या मामाला पक्ष्यांची चटक लावली. स्टुडिओ उघडायचा दहाला. त्याआधीची थंडीतली सकाळ आता पाणथळीवर जाऊ लागली.

"इतकी वर्षं मी हाका मारत होते तेव्हा हे उठले नाहीत," मामी म्हणायची. "आता बदकांनी बोलावलं की टुणकन उठतात."

"बदकं नाहीत गं, हंस आहेत," मामा सांगायचा.

"हंस काय नि बदक काय, मला तर सगळे तुमच्यासारखेच दिसतात. चिखलात उभे."

त्या रविवारी भाचीला सर्दीने आडवं केलं होतं, म्हणून मामा एकटाच गेला. दुपारी त्याचा फोन आला, आत्ताच्या आत्ता दुकानात ये. ती मफलर गुंडाळून गेली. काउंटरवर मामी ओळखपत्रांचे फोटो कापत बसली होती. मामाने स्वतःची खुर्ची भाचीकडे सरकवली.

"बघ. भिंतीवर लावण्याजोगा आलाय."

पडद्यावर पट्टकादंबांची, म्हणजे मामाच्या त्या हंसांची, रांग उभी होती. राखी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. मागे धुकं इतकं पातळ की पलीकडची पाणकणसं मोजता यावीत.

"सुरेख आहे रे, मामा."

"सुरेख काय आपोआप होतं? मेहनत आहे. इथून विजेची तार जात होती, काढली. इथे प्लास्टिकची पिशवी होती, काढली. आणि हा तिसरा बघ. याच्या तंगडीला पिवळं काहीतरी चिकटलं होतं. तेही काढलं. आता कसा न्हाऊन आल्यासारखा दिसतोय!"

भाचीने नाक ओढलं आणि अर्ध्यात थांबली.

"पिवळं?"

"हो. कागदबिगद असेल."

"कसं होतं? गोल?"

"गोल म्हणजे... बांगडीसारखं."

"त्यावर काळी अक्षरं होती?"

मामाने चष्मा काढून पुसला. "डाग होते काहीतरी. म्हणून तर काढलं ना."

"मूळ फोटो कुठाय?"

मामा पुन्हा चष्मा पुसू लागला. काउंटरवरून मामीच बोलली. "मूळ फोटो कुणाला विचारतेस? यांनी आमच्या लग्नाच्या फोटोतून माझ्या सख्ख्या काकांना उडवलंय. डोळे मिटले होते म्हणे!"

भाचीने तिसऱ्या पक्ष्याचा पाय मोठा करून पाहिला. मामाचा हात तयारीचा होता. पाय असा गुळगुळीत, जणू त्यावर कधी काही नव्हतंच. तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि सर्दीमुळे दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

गोष्ट अशी होती. गेल्या हिवाळ्यात केंद्राने काही पट्टकादंब पकडून त्यांच्या पायांत पिवळी कडी घातली होती. प्रत्येक कड्यावर एक अक्षर आणि दोन आकडे, लांबून वाचता यावेत एवढे ठळक. पक्षी पुढे कुठेही दिसला की कळावं, हा अमुकच. त्यातला ए-४८ हा तिने स्वतःच्या हाताने कडं घातलेला पहिला पक्षी. काखेत धरला तेव्हा त्याचं काळीज तिच्या बरगड्यांवर धडधडत होतं. बाकीचे सोडल्याबरोबर उडाले. हा उडालाच नाही. मान टाकून थोडा वेळ बसला आणि मग चालत लव्हाळ्यात शिरला. नंतर खूप शोधला, सापडला नाही. "जगला असेल," केंद्रातले सर म्हणाले होते.

त्या 'असेल'ने वर्षभर तिचा पिच्छा सोडला नव्हता. तिच्या शिक्षणात 'असेल' म्हणजे अजून काम बाकी आहे. आणि आता हंसांची परत जायची वेळ झाली होती. उन्हं तापू लागली की एखाद्या सकाळी सगळा थवा उठून उत्तरेला जातो, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बघायची.

मामाला हे सगळं त्या दुपारी पहिल्यांदाच कळलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही. मामीने वाढलेलं तसंच ठेवून म्हणाला, "मी तिचा पक्षी पुसला गं."

"पुसलात ना, मारला तर नाहीत? जेवा."

दुसऱ्या दिवसापासून मामाच भाचीला उठवू लागला. दोघं अंधारात निघायची, बांधाआड बसायची, थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने चहा प्यायची. मामाची लांब लेन्स दुर्बिणीहून जास्त दाखवायची, म्हणून डोळा त्याचा आणि प्रश्न तिचे. पण कधी धुकं हटायचं नाही, कधी हंस गुडघाभर पाण्यात उभे.

"निदान पाय तरी वर करा रे," मामा पुटपुटायचा. "एवढी माणसं बसवली आयुष्यात, पण असं अडेलतट्टू गिऱ्हाईक पाहिलं नाही."

"ओरडू नकोस. उडतील."

"ओरडतोय कुठे? विनंती करतोय."

थवा रोज थोडा थोडा कमी होत होता. मग एका सकाळी वारा पडला, धुकं लवकर फाटलं आणि चिखलाच्या उंचवट्यावर, थव्याच्या कडेला, एक पट्टकादंब एका पायावर झोपलेला दिसला. पोटाच्या पिसांत ओढून घेतलेल्या दुसऱ्या पायाचं इंचभर टोक बाहेर होतं. त्यावर पिवळं काहीतरी.

मामाने फोटो काढला. दोघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकी आपटली.

"ए," भाची म्हणाली. "चार." आणि पुढे ती अडली. शेवटच्या आकड्यावर चिखल वाळला होता. कड्यांवरचे आकडे इंग्रजी, आणि इंग्रजीतले तीन नि आठ लांबून जुळे भाऊच. उजवीकडची दोन वळणं स्पष्ट होती. डावीकडे आठाची वळणं मिटलेली आहेत की तिनाची उघडी, ते त्या चिखलालाच ठाऊक.

"अठ्ठेचाळीस किंवा त्रेचाळीस," ती म्हणाली. "त्रेचाळीस सरांनी घातलेला. माझ्याआधी."

मामा पडद्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, दुकानात बाप्यांना केस काळे करून देऊ का विचारतो त्या आवाजात, म्हणाला, "मी करून देऊ का? एवढासा चिखल तर आहे. आठ हवाय ना तुला?"

त्याला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. खरं सांगायचं तर तिने तो आठ क्षणभर मनात पाहिलासुद्धा. स्वच्छ, काळाभोर, पिवळ्यावर बसलेला. सरांना फोन केला असता, वर्षाचं ओझं उतरलं असतं आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

"नको, मामा. मग तो तू केलेला आठ होईल."

"म्हणजे चांगलाच होईल."

"चांगलाच होईल रे," ती हसली. "पण पक्षी कुठला, ते नाही ना कळणार."

मामाने मान हलवली. मग त्याने अंगातला बरा स्वेटर काढून तिच्या हातात दिला, बांधावरून पलीकडे सरकला आणि सरळ चिखलात पालथा झाला. ज्या माणसाच्या बुटावर धुळीचा कण चालत नसे, तो कॅमेरा पुढे ढकलत कोपरांवर सरपटत निघाला. थोडं सरपटे, थांबे. हंसांनी माना वर केल्या की मेल्यासारखा पडे. भाची बांधाआडून बघत होती. तिला उगाच मामीची आठवण झाली. मामीने हे बघितलं असतं तर जन्मभराची टोमण्यांची बेगमी झाली असती.

बराच वेळ गेला. झोपलेल्या हंसाने डोकं बाहेर काढलं, पंख ताणला, दोन्ही पायांवर आला. उंचवट्यावरून पाण्यात उतरला, पाय झाडले, पुन्हा वर चढला. मामाच्या कॅमेऱ्याची कटकट तिला बांधापर्यंत ऐकू आली.

मग मामाने पडद्यात पाहिलं. आणि तो वळला नाही.

चिखलात पालथी पडलेली ती पाठ तिला दिसत होती. नुसत्या पाठीवरूनही तिला कळलं की त्याने आकडा वाचलाय. त्याचा अंगठा बटणांवर होता. उडवायचं बटण कुठलं, हे तो अंगठा झोपेतसुद्धा चुकत नसे. 'हलला गं, नीट नाही आला,' एवढं म्हटलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता.

तो सरपटत परत आला. कपाळापर्यंत चिखल. कॅमेरा तिच्या हातात देताना त्याने नजर चुकवली नाही.

"तीन आहे गं, शंके."

तिने पाहिलं. ए-४३. ओलं कडं, धुतलेला आकडा, त्याच्या वर पायाला चिकटलेला शेवाळाचा धागासुद्धा जागच्या जागी. तिने ओठ घट्ट मिटले. मामाने हात वर उचलला, पण हाताला चिखल होता, म्हणून मनगटानेच तिच्या डोक्यावर थोपटलं.

"धट्टाकट्टा आहे की नाही पण हा?" तो म्हणाला.

"आहे," ती म्हणाली. हा शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला थोडं बरं वाटलं, तिला वाटलं होतं त्याहून जास्तच. "सरांना कळवायला हवं. वेडे होतील."

ती फोन लावू लागली. तिकडे रिंग वाजत होती आणि इकडे मामा पुन्हा बांधावर कोपरं टेकून लेन्स थव्यावर फिरवत होता, एका टोकापासून, एकही पाय न वगळता.

"तुमचं झालं," तो पुढच्या हंसांना बजावत होता. "तुम्ही व्हा बाजूला. मागच्यांचे पाय दिसू देत."