मैदानासमोरच्या सलूनमधली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाशी असते तशी साधी नव्हे, सलूनमधली. मला चार पाय नाहीत, एकच जाडजूड लोखंडी बुंधा आहे. बाजूचा दांडा दाबला की मी वर उचलली जाते, सोडला की हुश्श करून खाली बसते. डोकं टेकायला उशी आहे, पाय ठेवायला पट्टी आहे, आणि मी स्वतःभोवती गोल फिरते. पूर्वी फिरताना माझा जराही आवाज होत नसे. आता मी कुरकुरते. वय झालं की कुरकुर सुटते, ती तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बुंधा एकाने ओतला, दांडा दुसऱ्याने बसवला आणि लाल रेक्झिन एका बाईने ताणून शिवलं. शिवून झाल्यावर ती माझ्यावर बसली, दोनदा उसळली आणि म्हणाली, "चांगली आहे गं तू." माझं हे पहिलं कौतुक. त्यानंतर एका टेम्पोत आडवी पडून मी या गावात आले.

माझे मालक तेव्हा तिशीत होते. हात हलका, जीभ मात्र अखंड चालू. एस.टी. स्टँडजवळ चांगला गाळा मिळत असताना त्यांनी मुद्दाम फुटबॉल मैदानाच्या फाटकासमोरचा हा अरुंद गाळा घेतला. मालकीणबाई अजून ते ऐकवतात. "गिऱ्हाइकं तिकडे आणि हे इकडे. काय तर म्हणे, मैदानातला आवाज ऐकू येतो!" आवाज खरोखरच ऐकू येतो. गोल झाला की माझ्यासमोरचा आरसा थरथरतो. अलीकडे तो फारसा थरथरत नाही.

आमचा क्लब लहान आहे. मैदानाच्या एकाच बाजूला लाकडी बाकं, दुसरीकडे मातीचा उतार. चेंडू भिंतीबाहेर गेला की प्रेक्षकांतल्याच कोणीतरी जाऊन आणायचा. पण खेळाडू मात्र आमच्याकडे घडायचे. कोणाची डावी लाथ, कोणाचं डोकं, कोणाचा पळण्याचा वेग बघत राहावा असा. आणि दर उन्हाळ्यात, ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलायची, मुदत सुरू झाली की, त्यातला सगळ्यात चांगला खेळाडू मोठ्या शहरातल्या एखाद्या क्लबला विकला जायचा.

या एका विषयावर मालक पेटून उठत. समोर पोस्टमन बसलेला असो की शाळेचे हेडमास्तर, कात्री थांबायची आणि भाषण सुरू व्हायचं.

"अहो, रोप आपण लावायचं, पाणी आपण घालायचं, आणि कळी धरली की शेजाऱ्याने कुंडीसकट उचलून न्यायचं! वर आपणच त्याला फाटक उघडून द्यायचं!"

पोस्टमन सरळ माणूस होता. तो एकदा म्हणाला, "पण क्लबला विजेचं बिल भरायचं असतं ना?"

"मग दिवे लावू नका! दुपारी खेळा!" असं म्हणून मालकांनी त्याच्या कानामागचे केस जरा जास्तच उडवले.

खेळाडू सगळे आमच्याकडेच केस कापून घ्यायचे. त्यामुळे माझा रुबाब काय विचारता! शाळेतली मुलं मला हात लावून बघायला यायची. "परवाचा गोलवाला इथेच बसतो ना?" असं विचारायची. मालकांनी आरशाच्या वर संघातल्या प्रत्येकाचा फोटो लावला होता. खेळाडू विकला गेला की त्याचा फोटो तिथून निघायचा आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवर जायचा. मालक तो कधी फाडत नसत. "गेला म्हणून आपलं पोर नव्हतंच असं कसं म्हणू?" असं म्हणत आणि खिळा ठोकत. हळूहळू मागची भिंत भरली. पुढच्या भिंतीवरचे चेहरे मात्र दरवर्षी बदलत राहिले.

मित्रांनो, माणूस तोंडाने काहीही बोलो, बसताना तो खरं सांगतो. जाणारा खेळाडू मला सगळ्यांच्या आधी कळायचा. तो माझ्या काठावर बसायचा, पाठ टेकायचा नाही. टाच सतत हलवायचा. आणि वर म्हणायचा, "काका, जरा नीट कापा, फोटो काढायचाय." मालकांना यातलं काही समजत नसे. ते भाषण देत राहायचे.

आता डिंक्याचं सांगते. त्याच्यासाठीच हे सगळं सांगायला बसले आहे.

डिंक्या पहिल्यांदा आला तेव्हा सहा वर्षांचा होता. मालकांनी माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून त्याला तिच्यावर बसवलं होतं. वडील लवकर गेलेले. आई क्लबचे कपडे धुण्याचं काम करायची, म्हणून पोर दिवसभर मैदानात. पुढे तो गोलकीपर झाला. चेंडू त्याच्या हाताला डिंक लावल्यासारखा चिकटायचा, म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणू लागले. मालकांचं त्याच्यावर फार प्रेम. त्याच्या केसांचे पैसे ते घेत नसत. तो जबरदस्तीने गल्ल्यावर ठेवून जायचा.

चोविसाव्या वर्षी त्याला शहरातल्या एका मोठ्या क्लबकडून बोलावणं आलं. मुदत संपायला दोन दिवस होते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तो आला आणि माझ्यावर बसला. तो काठावर बसला होता. टाच हलत होती.

"काका, तिकडून पत्र आलंय," तो म्हणाला. "आई म्हणाली, काकांना विचार आणि मग सही कर."

मालकांनी त्याच्या अंगावर कापड पांघरलं. मग म्हणाले, "आधी दाढी करू तुझी. कसा अवतार करून आलायस बघ."

त्यांनी त्याची मान मागे टेकवली, ब्रश पाण्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाला फेस लावला. मग वस्तरा घेतला आणि बोलायला लागले. पाव तास बोलत होते. तिकडे दोन गोलकीपर आहेत, तुला बाकड्यावर बसवतील. इकडे पोरं तुझं नाव घेऊन ओरडतात. पुढच्या वर्षी आपण वरच्या गटात जाऊ, मग ते लोक हात जोडून येतील. सगळेच गेले तर या मैदानात राहायचं कोणी? तू तरी राहा. तू आपला आहेस.

सगळं मनापासून होतं. खोटा शब्द एकही नव्हता. पण मित्रांनो, गळ्यावर वस्तरा असताना कोणी वाद घालत नाही. तोंडावर फेस, मान मागे, डोळे छताकडे. त्या अवस्थेत माणूस फक्त ऐकतो. मालकांना वाटलं, त्याला पटतंय. माझ्या हातांवर त्याची बोटं किती घट्ट रुतली होती ते त्यांना कुठून दिसणार? वर कापड पांघरलेलं होतं. त्याला जायचं होतं. त्याच्या पाठीच्या कण्यातून मला ते स्वच्छ कळत होतं. मी कुरकुरले, जेवढं जमलं तेवढं कुरकुरले. मालक म्हणाले, "हिला तेल द्यायला हवं."

तोंड पुसून झाल्यावर डिंक्या आरशात स्वतःकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं काका. राहतो."

मालकांना आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी त्यांनी कोणाकडूनच पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी मालकीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला केस कापायला बसवलंय. त्याचं नशीब कापायला नाही," एवढंच त्या बोलल्या आणि गेल्या. मालक हसले. मला हसू आलं नाही.

तीन महिन्यांनी एका सामन्यात डिंक्या उंच चेंडूसाठी उडाला आणि आमच्याच बचावपटूवर आदळला. त्या दिवशी आवाज झाला नाही. सगळं मैदान एकदम गप्प झालं आणि माझ्यावरच्या गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून मालक धावत गेले.

उजवा खांदा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात कानाच्या वर जाईना. मोसम संपल्यावर क्लबने त्याला एक पत्र दिलं. त्यात आभार होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या, आणि नवा करार नव्हता. मोठ्या क्लबने तोवर दुसरा गोलकीपर घेतला होता. तो बाकड्यावर बसला नाही. पहिल्याच सामन्यापासून खेळला.

पुढे क्लबने उपकार केल्यासारखी डिंक्याला फाटकावर तिकिटं फाडायची नोकरी दिली. तिकीट फाडायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.

तो दर तिसऱ्या शनिवारी केस कापायला येत राहिला. आता पाठ पूर्ण टेकून बसायचा. एखादं पोतं टाकावं तसा. त्याच्या हाताला कंगवा माथ्यापर्यंत नेता येत नसे, म्हणून मालक त्याचे केस पुन्हा पुन्हा विंचरत. आरशाच्या वर त्याचा फोटो तसाच होता, हवेत झेपावलेला. तो मागच्या भिंतीवर लावायची वेळच आली नाही, कारण तो कुठे गेलाच नव्हता. आणि पुढच्या भिंतीवरून काढायचा कसा, ते मालकांना कळत नव्हतं. डिंक्या दाढी होईपर्यंत त्या फोटोखाली डोळे मिटून पडून राहायचा.

मालकांची भाषणं बंद झाली. खेळाडू आले, विकले गेले, मालकांनी मुकाट्याने फोटो हलवले. पोस्टमन मुद्दाम डिवचायचा, "काय हो, यंदा कोण चाललं?" मालक म्हणायचे, "मान खाली करा." क्लब खालच्या गटात घसरला. माझं रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्टी आली. तीही निघाली. कोणी नवं शिवलं नाही. मला हात लावून बघायला येणारी मुलंही कधीच यायची थांबली होती.

गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार. डिंक्या बाकावर पेपर वाचत आपली पाळी येण्याची वाट बघत होता. इतक्यात भिंगरी आला. भिंगरी म्हणजे आमचा फॉरवर्ड. दोन जणांच्या मधून गर्रकन फिरून निघायचा, म्हणून ते नाव. संघात बघण्यासारखा तेवढा एकच उरला होता.

"डिंक्यादादा, मी आधी बसू? घाईत आहे," तो म्हणाला. डिंक्याने पेपरमागूनच मान हलवली.

भिंगरी काठावर बसला. मला लगेच कळलं.

"काका, मला बोलावणं आलंय," तो म्हणाला. "सगळे म्हणतात थांब. तुम्ही एवढी वर्षं बघताय. तुम्ही सांगा, काय करू?"

मालकांच्या हातात फेसाने भरलेला ब्रश होता. तो त्यांनी वाटीत परत ठेवला. मग दांडा सोडून मला खाली घेतलं आणि स्वतः वळून त्याच्या समोर उभे राहिले. आरशात नाही, तोंडासमोर. असं त्यांना मी कधीच करताना पाहिलं नव्हतं.

"तुला काय वाटतं ते आधी सांग," ते म्हणाले.

"मला जायचंय, काका."

"मग जा. आज जा. इथल्या कोणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा नाही. क्लब काय, मैदान काय, आपण पडलो की नंतर कोणी हात धरत नाही. जा तू."

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. डिंक्या उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. किती वाजले असं विचारावं, इतक्या साध्या आवाजात त्याने विचारलं,

"हे मला का नाही सांगितलंत, काका?"

मालकांनी तोंड उघडलं. ते नुसते "अरे..." म्हणाले आणि थांबले. डिंक्याने थोडी वाट बघितली. खरंच वाट बघितली, उत्तर मिळालं तर ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. मग त्याने पेपर बाकावर नीट ठेवला आणि केस न कापताच निघून गेला.

भिंगरी दुसऱ्या दिवशी शहरात गेला. त्याचं तिथे बरं चाललंय असं ऐकते. आमचा संघ त्यानंतर एकही सामना जिंकलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुम्हाला विनवायचं असतं, की मला तेल द्या, पुसा, भंगारात टाकू नका. मला भंगाराची आता भीती वाटत नाही. विनवणी एवढीच आहे, की कोणी तुमच्यापाशी सल्ला मागायला आलं, तर त्याच्या तोंडाला आधी फेस लावू नका. त्याला बोलू द्या. तुमचं त्याच्यावर कितीही प्रेम असलं तरी.

डिंक्या आता पलीकडच्या गल्लीत केस कापून घेतो. तिथला कारागीर घाईचा आहे. मानेवरची रेघ दर वेळी वाकडी राहते, डावीकडून खाली उतरलेली. सामन्याच्या दिवशी कामावर जाताना डिंक्या आमच्या दारावरून जातो आणि मालकांना ती पाठमोरी मान दिसते. ते कात्री हातात धरून तो फाटकाआड जाईपर्यंत बघत राहतात. ती रेघ सरळ करायला दोन मिनिटं पुरतील. पण त्याला हाक मारायचा धीर त्यांना अजून झालेला नाही, आणि तो होईल असं मला वाटत नाही.