बनाबाईनं अंगठा दिला नाही

बनाबाई माझी सख्खी चुलती. तिची नातलग म्हणवून घेताना मला आजही अभिमान वाटतो.

बहात्तरच्या दुष्काळात ईट गावाजवळच्या आमच्या खेड्यातल्या विहिरी आटल्या, पण बौद्धवस्तीतल्या सरकारी विहिरीला थोडं पाणी राहिलं. उत्तरेश्वर नावाच्या बागायतदाराला उसासाठी तिथं इंजिन बसवायचं होतं. बनाबाईचे यजमान, माझे चुलते पिराजी आडवे आले. "माणसं तहानलेली असताना उसाला पाणी न्हाय," एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात उत्तरेश्वरनं त्या विहिरीत पिकावर मारायचं विष ओतलं. सकाळी ते पाणी पिऊन पिराजी गेले, शेजारच्या मथुराबाईची दोन्ही लेकरं गेली.

आदल्या संध्याकाळी उत्तरेश्वरला डबा घेऊन विहिरीकडं जाताना बनाबाईनं पाहिलं होतं. कोर्टात तिनं तेच सांगितलं. वकिलानं उलटसुलट विचारलं, तरी तिचा शब्द बदलला नाही. उत्तरेश्वरला फाशीची शिक्षा झाली आणि हायकोर्टात ती कायम राहिली.

मग त्याच्या घरच्यांनी दयेचा अर्ज करायचं ठरवलं. थोरला भाऊ आबाराव दूध सोसायटीचा चेअरमन. आमच्या वस्तीत कधी पाऊल न टाकलेला हा माणूस एके दुपारी अंगणात येऊन बसला. मथुराबाईही तिथंच होती.

"बनाबाई, अर्जावर तुमचा अंगठा असला तर वर इचार करतील," तो म्हणाला. "तुमच्या पोराला सोसायटीत लावून घेतो."

"पोरगं आपलं आपण बघंल."

"तुम्ही तर बुद्धाला मानता. त्यांनी क्षमाच शिकवली ना?"

"मानते. म्हणून तर इळा घेऊन तुमच्या दारात आले न्हाय, कोर्टात गेले. माझं जे वाईट झालं त्याची क्षमा म्या करीन. पण जीव त्यांचा गेला, हिच्या लेकरांचा गेला. त्यांच्या वतीनं क्षमा करायचा हक मला कुणी दिला?"

"फाशीनं ती माघारी येणार हायेत का?"

"जन्मठेपेनं तरी येत्यात का? आबाराव, भांडणात रागाच्या भरात काठी बसली असती, तर म्या अंगठा दिला असता. त्यानं इष आणलं, अंधार पडायची वाट बघितली, लेकरं पाणी पिणार हे ठावं असून ओतलं. असल्या कामालाबी सगळ्यांत मोठी शिक्षा न्हाय, तर ती ठेवली कुणासाठी? आन् खरं सांगा. तुमच्या घरातली लेकरं मेली असती अन् इष आमच्यातल्या कुणी टाकलं असतं, तर दया मागत फिरला असता?"

मथुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझाबी अंगठा न्हाय." अर्जाची घडी खिशात घालून आबाराव उठला.

पुढं अर्ज फेटाळला गेला. फाशी झाल्याची बातमी आली तेव्हा वस्तीतली काही माणसं गूळ वाटायला निघाली. बनाबाईनं त्यांना अडवलं. "न्याय झालाय, लगीन न्हाय," म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी ती दळण घेऊन गिरणीवर गेली. उत्तरेश्वरची बायको लक्ष्मीबाई तिथं एकटीच उभी होती. बाकीच्या बाया तिच्यापासून लांब सरकल्या होत्या. बनाबाई सरळ तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाई, ज्याची शिक्षा त्यानं भोगली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तुमच्याकडं आता कुणाचं काय देणं न्हाय."

दळण झाल्यावर लक्ष्मीबाई बनाबाईसाठी थांबली, आणि दोघी पारापर्यंत सोबत चालत गेल्या.