झटक्याची की दमाची?

"ही आपल्या मरणानं मेलेली नाही, बाई. हिचा कोणीतरी जीव घेतलाय," बॅटरीवाला म्हणाला आणि मीटर बाजूला ठेवून त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "दीड वर्षाची गॅरंटी, आणि आठ महिन्यांत राम म्हणाली. खरं सांगा, गाडी चालू करायची सोडून हिच्यावर आणखी काय काय चालवता?"

चादरवाली काउंटरला टेकून उभी होती. आज ती दिवस उजाडल्यापासून उभीच होती. सकाळी पिकअप सुरू होईना, आणि उताराच्या तोंडाशी टेंपो उभा असल्यामुळे ढकलताही येईना. मग शेजारच्या टेंपोवाल्याला उठवून, त्याच्या गाडीला वायरी जोडून कशीबशी पेटवली, आणि धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वा तास उशीर झाला. या महिन्यात दुसऱ्यांदा. लॉन्ड्रीचा मुकादम ओरडला नाही. नुसता म्हणाला, "तिसऱ्यांदा झालं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल हं." ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याचा राग जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरतो.

"गादी चालवते," ती म्हणाली.

"गादी?"

मग सगळं सांगावंच लागलं. पिकअप मूळची नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी एक लोखंडी कपाट उतरवताना ते त्याच्या पाठीवर आलं आणि कमरेखालचं अंग गेलं. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. तिला एक छोटा पंप असतो, तो सारखा चालू लागतो. आणि त्यांच्या वस्तीत वीज संध्याकाळी जी जाते ती पहाटेच उगवते. म्हणून रोज गाडी खिडकीशी लावायची, बॉनेटमधून वायर आत घ्यायची आणि त्यावर गादी आणि पंखा चालवायचा. इन्व्हर्टर घ्या म्हणणारे पुष्कळ भेटले होते. पैसे घ्या म्हणणारा एकही भेटला नव्हता.

"दिवसभर गाडी पळते, बॅटरी भरते. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी."

"पक्षी उडाले, बॅटरी मेली," तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने दोन बॅटऱ्या उचलून आणल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. "नीट ऐका. ही झटक्याची. किल्ली फिरवलीत की एका दणक्यात इंजिन फिरवणार. पण रात्रभर थोडं थोडं प्यायलात तर हिचीही हीच गत. आणि ही दमाची. रात्रभर गादी चालवा, पंखा चालवा, हूं की चूं करणार नाही. पण सकाळी थंड इंजिन हिच्याच्यानं फिरायचं नाही."

"आणि गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर फिरवेल. कण्हत कुंथत."

"दोन्ही गुण असलेली नाही का एखादी?"

"तसली बॅटरी नसते, बाई, आणि तसला नवराही नसतो!" तो हसत म्हणाला, आणि समोर कोण उभं आहे हे ध्यानात येताच त्याने जीभ चावली.

ती मात्र हसली. तिला खरंच हसू आलं होतं.

कोणती घ्यायची हे घरून ठरवूनच पाठवलं होतं. सकाळी गाडी सुरू होत नाही हे नवऱ्याने अंथरुणातून ऐकलं होतं, आणि टेंपोवाला वायरी गुंडाळून गेल्यावर तो म्हणाला होता, "गाडीला लागते तीच बॅटरी आण. गादीचं बघू नकोस."

"मग तुमचं काय?"

"मी जातो धाकट्याकडं. त्याच्याकडं वीज जात नाही. रविवारी ये म्हणून कालच निरोप धाडलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तू येत जा की मधूनमधून."

धाकटा दीर नऊ तासांच्या वाटेवर राहायचा. मधूनमधून म्हणजे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. दीर सज्जन होता. जाऊही हातचं राखून वागणारी नव्हती. तिथं नवऱ्याचे हाल झाले नसते, आणि म्हणूनच तिला काही बोलता येईना. माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

आणि खोटं कशाला बोला, दुकानात उभ्या उभ्या तिच्या मनात हेही आलं, की तो गेला तर एक आठवडा सलग झोपता येईल. रात्रीतून तीनदा उठून त्याला कुशीवर वळवायचं नाही. आपली पाठ धरणार नाही. याची तिला लाज वाटली नाही. तीन वर्षं दमलेल्या माणसाला लाजसुद्धा परवडत नाही.

पण मग तिला संध्याकाळ दिसली. ती गाडी लावून दार उघडते तोच तो आतून म्हणतो, "डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे." किंवा, "आज माल जास्त भरला होतास ना? स्प्रिंग सांगत होती." आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर असतो. धाकट्याच्या घरी त्याला वेळेवर जेवण मिळेल, पंखा मिळेल, पोरं काका काका म्हणतील. पण गाडीचं तिथं त्याला कोण विचारणार? घरात मांडून ठेवलेल्या वस्तूसारखा तो नुसता पडून राहील. आणि ती इथे दार उघडेल तेव्हा आतून कोणी काही बोलणार नाही. नको, तिला वाटलं. झोप नको, काही नको.

"दमाची असली तरी उतारावरून ढकलून पेटेल?" तिने विचारलं.

"पेटेल की, जुनी डिझेल गाडी आहे. पण रोज ढकलणार?"

"आमच्या घरापुढं उतार आहे."

"एकट्या?"

"दमाची बांधा," ती म्हणाली.

बॅटरीवाल्याने मान हलवली आणि पाना घेतला.

घरी येऊन तिने गाडी खिडकीशी लावली, इंजिन बंद केलं आणि आत गेली. नवरा छताकडे बघत पडला होता.

"परत चालू कर बघू," तो म्हणाला.

"आत्ताच तर बंद केली."

"कर म्हणतो ना."

तिने जाऊन किल्ली फिरवली. इंजिन चांगलं गरम होतं, तरी घर्र... घर्र... करत, आता बंद पडतं की मग पडतं असं करत ते लागलं. बंद करून ती आत आली.

"दमाची आणलीस," तो म्हणाला.

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? सकाळी काय करणार? काम जाईल हातचं! अगं, रविवारी धाकटा येतोय न्यायला!"

"येऊ दे. जेवून जाईल."

रागाने पाठ फिरवणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून त्याने नुसतं तोंड भिंतीकडे केलं. ती जेवण घेऊन आली तेव्हा दोन घास खाल्ले, पुरे म्हणून हाताने खुणावलं. तिने खिडकीतून वायर घेतली, पंप लावला. गादी फुगू लागली, पंखा फिरू लागला. रात्री तीनदा तिने त्याला वळवलं आणि तीनही वेळा तो जागा होता. पण एक अक्षर बोलला नाही.

सकाळी फटफटताना तिने वायर काढली आणि किल्ली फिरवून बघितली. नुसतं टक झालं. मग ती खाली उतरली, हँडब्रेक सोडला, उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि खांदा दाराच्या खांबाला लावला. उताराचं तोंड आठ-दहा पावलांवर होतं. ढकलून गाडी पेटवायला ती काही शिकाऊ नव्हती; तीन वर्षांत डझनभर वेळा तिने हे केलं होतं. गिअर कधीचा दुसऱ्यात होता आणि क्लच दाबून धरायला तिने एक काठी अडकवून ठेवली होती.

तेवढ्यात खिडकीतून, कालपासून बंद असलेला नवऱ्याचा आवाज आला.

"दुसऱ्यात टाक! पहिल्यात टाकशील तर धक्का बसून जागच्या जागी थांबेल!"

ती ढकलायची थांबली.

"कितव्यात म्हणालात?" तिने ओरडून विचारलं.

"दुसऱ्यात गं, दुसऱ्यात! आणि घाई करू नकोस. क्लच मी सांगेन तेव्हा सोड!"

"बरं!"

तिने सगळं अंग खांद्यात आणून रेटा दिला. गाडी हलली, सरकली, उताराला लागली. ती उडी मारून आत बसली, पाय क्लचवर ठेवून काठी बाजूला काढली आणि गाडीला वेग येऊ दिला.

"थांब..." मागून आवाज येत होता. "अजून थांब... थोडी पळू दे... आता! सोड!"

तिने सोडला.