मंगलीच्या घरची पानं

मुरूमटोल्यात मेलेल्याच्या घरी पत्रावळ विकत आणत नाहीत. दिवस घालायच्या जेवणाला सकाळीच घरोघरच्या बाया पळसाच्या पानांची एकेक मोळी घेऊन येतात, आंगणात बसून शिवतात, आणि गावानं शिवलेल्या पानावर गाव जेवलं की मेलेला माणूस पूर्वजांत जमा होतो. पानं आली नाहीत तर तो बाहेरच राहतो. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. तशी पाळी कुणावर आलेली कुणाला आठवतच नाही.

आज उन्हं चुलीपर्यंत सरकली तरी मंगली मडावीच्या आंगणात एक पान पडलं नव्हतं. सारवलेल्या जागेवर कोंबड्या फिरत होत्या. मोठ्या गंजात, पंगतीच्या पातेल्यात, भात चढवायचा की नाही हे विचारावं, तर घरात पोचूकाकाशिवाय कुणी नव्हतं. मंगलीचा हा दीर सपरीत, दारापुढच्या पडवीत, विझलेली चिलीम धरून बसला होता आणि सकाळपासून पुतणीला एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत होता: कोवेच्या अन्नपूर्णेच्या दारी जा, पाया पड, मोकळी हो. मंगलीची मुलगी सोमारी दर वेळी नाही म्हणत होती, आवाज न चढवता. वडशाच्या वाचनालयात ती पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. हळू बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"तिनं माझ्या आईला तापात एकटं मरू दिलं," ती म्हणाली. "तिच्या पाया पडू?"

"गावच तिचं हाय आता," पोचूकाका म्हणाला. "तुह्या मायनं आपल्याकडं कोणाले ठेवलं?"

हे सगळं पेटलं होतं एका लोखंडी साच्यावरून. पूर्वी टोल्यातल्या बाया पळसाची पानं तोडून गठ्ठ्यानं ठेकेदाराला देत. मंगली म्हणाली, पानं आपली, हात आपले, मग पत्रावळ दुसऱ्यानं काऊन करावी? तिनं दारोदार फिरून बचत गट उभा केला. पुढे पंचायत समितीकडून दाबयंत्र आलं. तापलेल्या साच्यात शिवलेलं पान ठेवून दाब दिला की काठ उचललेली ताटली निघे. नाटकांच्या हंगामात, गावोगाव पंगती उठत तेव्हा, वडशाला गाडी भरून माल जाऊ लागला. गावातल्या पंगतीची उष्टी पानं मंगली खड्ड्यात टाकायला लावी आणि पावसाच्या तोंडावर त्यांचं खत धानाच्या बांदीत जाई. रानातून आणलं ते मातीत परत गेलं पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र होतं, आणि त्यापुढे ती कुणाचं ऐकत नसे.

मग वडशाच्या व्यापाऱ्यानं प्लास्टिकची पन्नी पाठवली. रस्सा गळतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. पानावर पातळ पन्नी ठेवून दाबायची, बस. बाकी बाया तयार झाल्या. मंगली अडून बसली. उष्टं ढोरं खातात, पन्नी पोटात गेली की ढोर फुगून मरतं, खड्ड्यात ती सडत नाही. भांडण दिवाळीपर्यंत चाललं आणि एका सकाळी मंगलीनं यंत्राचा साचा खोलून घरी आणला, खाटेखाली सारला. काम बंद पडलं. व्यापारी दुसऱ्या गावाकडे वळला. त्या हिवाळ्यात टोल्यातली निम्मी घरं आंध्रात मिरची तोडायला गेली. अन्नपूर्णा कोवेची मयुरी नववीत होती. तीही गेली, आणि परतल्यावर शाळेत गेली नाही.

तेव्हापासून मंगलीशी कुणी बोललं नाही. यंदा धान कापणीच्या दिवसांत तिला हिवताप चढला आणि डोक्यात गेला. पोचूकाका कापणीसाठी दुसऱ्या गावी होता. परतल्यावर त्यानं तालुक्याच्या धानोऱ्याहून सोमारीला वाचनालयात फोन केला, तेव्हा सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

दुपार व्हायच्या आत बाया आल्या. सोमारी उठून उभी राहिली आणि मग तिला त्यांचे रिकामे हात दिसले. पुढे अन्नपूर्णा होती, गटाची आताची अध्यक्ष. हाडापेरानं थोराड, पदर कमरेला खोचलेला. ती आंगणाच्या कडेलाच थांबली.

"पानं तोडून ठेवली हाय," ती म्हणाली. "साचा दे. घेऊन येतो."

"आजच्या दिवशी मागता, काकी?"

"मंग कवा मागू? तू उद्या एस्टीत बसशील. तिकडं पंख्याखाली पुस्तकं वाचशील, मॅडम. इथी आमच्या पोरी मिरचीत जाऊन राह्यल्या."

मागून कुणीतरी म्हणालं, की ज्यांची पोर नोकरीला लागली त्यांनाच पन्नीची किळस येते. एक-दोघी हसल्या.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, असं सोमारीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि ती आत गेली. साचा खाटेखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. लुगडं सोडताच मोहाच्या तेलाचा वास आला. लोखंडाला गंजाचा ठिपका नव्हता; आई त्याला तेल लावत आली होती, ताप चढेपर्यंत. म्हणजे तो पुन्हा यंत्रावर चढेल असं तिनं धरलं होतं. कधी आणि कुणाच्या हातानं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सोमारीनं लुगडं बाजूला केलं.

साचा जड होता. तिनं तो ओढत आंगणात आणला.

"हा गटाचा आहे," ती म्हणाली. "आईनं घरी आणायला नको होता. घेऊन जा. पण पानांच्या बदल्यात नाही. पानं तिच्यासाठी आणायची असतील तर आणा. नसतील तर माझी मी शिवते."

"तुले येते शिवाले?"

"नाही."

अन्नपूर्णेनं दोघींना खूण केली. त्यांनी साचा उचलला आणि सगळ्या आल्या तशा गेल्या. पोचूकाकानं कपाळाला हात लावला. हातात होतं तेही देऊन टाकलं, आता तुझ्या मायला कोण आत घेणार, असं तो किती तरी वेळ पुटपुटत होता. सोमारी बांधावरून ओटीभर पानं तोडून घेऊन आली आणि बांबूच्या काड्या घेऊन बसली. पान फाटत होतं, काडी बोटात शिरत होती. ती शिवत राहिली.

पहिली मोळी आंगणात आदळली तेव्हा तिनं वर पाहिलं. शेजारची सुगंधाबाई होती. तिनं सोमारीच्या हातातली पत्रावळ उचलून उन्हात धरली. "हे पान होय का चाळणी?" एवढं बोलून ती पाठ करून शिवायला बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी सोमारीकडे बघितलं नाही, मंगलीचं नाव काढलं नाही. मोळ्या टाकत होत्या त्या कर्ज फेडल्यासारख्या. पण टाकत होत्या. सोमारीनं उठून भात चढवला.

पंगत बसली, भात आणि लाखोरीचं वरण वाढलं गेलं, तरी कुणी पानाला हात लावेना. या गावात पहिला घास वैऱ्याचा असतो. मेलेल्याशी ज्याचं भांडण, त्यानं मेलेल्याच्या नावानं वाढलेल्या पानासमोर बसायचं, भांडण तोंडानं सांगायचं, घरच्यांनी जेव म्हटलं की घास घ्यायचा. नाहीतर भांडण त्या घरातच राहतं. पोचूकाकानं अन्नपूर्णेचं नाव घेतलं आणि ती आली. तिनं पानं आणली नव्हती. वैरी पानं आणत नाही. ती मंगलीच्या पानासमोर मांडी घालून बसली.

"मंगली," ती म्हणाली, "तू माह्या पोरीची शाळा खाल्ली. ढोराच्या पोटाचं तुले दिसलं, माह्या घराचं नाई दिसलं. तू तापात पडली तवा मी काढा घेऊन आली होती. तू आतून इचारलं, साच्यासाठी आली काय? मी नाई म्हटलं. तू कडी काढली नाई. दुसऱ्या दिवशी मी परत आली. तवाही नाई काढली. मी दार तोडाले पाह्यजे होतं. नाई तोडलं. म्हटलं, मर तशीच."

तिनं घास उचलला आणि सोमारीकडे पाहिलं.

सोमारीला तो आवाज ऐकू आला, अन्नपूर्णेचा नव्हे, आईचा. बंद दाराआडून, तापानं जड झालेला आणि तरीही ताठ. साच्यासाठी आली काय? आई हेच म्हणाली असणार. दुसरं काही म्हणणारी बाई ती नव्हतीच. हे खोटं असतं तर सोमारीला या बाईचा जन्मभर द्वेष करता आला असता.

"पन्नी लावणार?" तिनं विचारलं.

"लावीन. हंगाम तोंडावर हाय."

"आईच्या जागी मी गटात येते. वडशाहून दर बैठकीला येईन आणि नाही म्हणेन."

"ये. साचा चोरू नको फक्त. तोंडानं भांड."

"जेवा, काकी," सोमारी म्हणाली.

अन्नपूर्णेनं घास तोंडात घातला. सोमारीवरची नजर न काढता ती चावत राहिली. मग पंगतीतल्या बाकीच्यांचे हात पानाकडे गेले.