शाळेतली ग्रामसभा

दर्शना रत्नागिरीला लोकप्रशासनात एम.ए. करत होती आणि प्रबंधाला तिने आपलंच गाव घेतलं होतं. विषय, ग्रामसभेतला लोकसहभाग. गाव लांज्याजवळचं, म्हणजे घरचं जेवून संशोधन! तिच्याच बौद्धवाडीची हजेरी दर सभेला नावापुरतीच निघाली, तेव्हा पुस्तकांत असतं तसं तिने कारण लिहून टाकलं, ‘अनास्था’. मार्गदर्शक हेमा मॅडमनाही ते पटलं.

आजोबांना, काशीरामांना, नातीचं कौतुक भारी. “वाच बघू गो, काय लिवलंस तां,” म्हणाले. तिने वाचलं.

“अनास्था म्हंजे?”

“म्हणजे… पर्वा नसणं.”

म्हातारा असा भडकला म्हणता! “पर्वा नाय? देवळाभायेर भोंग्याखाली उभं राहून पाय मोडले माझे! आत जाऊन सही कोण करील? धम्म घेतल्यापासून आपल्या घरातलं कोण देवळात गेलंय काय, सांग!”

दर्शनाचा चेहरा उतरला. ग्रामसभा भरते देवळाच्या सभामंडपात, कारण पंखे तिथे नि माइक तिथे. बौद्धवाडीतली माणसं बाहेर उभी राहून ऐकतात आणि घरी जातात. लहानपणापासून ती हे बघत आली होती. त्यात बघण्यासारखं काही आहे, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! स्वतःचीच तिला लाज वाटली.

ती तडक सरपंचांकडे गेली. आप्पा बागायतदार, माणूस वाईट नव्हे. “अगो, मग आधी बोलायचंस ना! पुढली सभा शाळेत घेऊ,” म्हणाले. झालं, एवढंच. इतकी वर्षं बौद्धवाडीने मागितलं नव्हतं आणि आप्पांना सुचलं नव्हतं.

शाळेत सभा लागली. बौद्धवाडी झाडून आली. काशीराम इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसले, वाडीच्या नळाचं सगळं म्हणणं तोंडपाठ करून. पण देवळाभोवतीची वरची वाडी, एरवी सभामंडप भरून टाकणारी, फिरकलीच नाही. कुणाला शाळा लांब, कुणाला ऊन कडक, कुणाकडे पाहुणे. आप्पा बराच वेळ वाटेकडे डोळे लावून बसले, मग कोरम नाही म्हणून त्यांनी सभा तहकूब केली. नळ राहिला तो राहिलाच. परतल्यावर आजोबांनी इस्त्रीचा सदरा काढला आणि घडी घालून पुन्हा पेटीत ठेवला. त्यांचं ओरडणं तिने सोसलं असतं, हे तिला सोसवेना.

तिने प्रकरण पुन्हा लिहिलं. बौद्धवाडीपुढची ‘अनास्था’ खोडून खरं कारण घातलं. आणि शाळेतल्या सभेचं लिहिताना वरच्या वाडीपुढे तोच शब्द ठेवून दिला.

हेमा मॅडम वाचता वाचता थांबल्या.

“असं कसं लिहितेस, दर्शना? त्या लोकांची काही अडचण असेल. जाऊन विचार आधी. न विचारता माणसांना अनास्था आहे म्हणणं बरं नाही.”

“हो, मॅडम. विचारते,” दर्शना म्हणाली. “बौद्धवाडीबद्दल लिहिलं तेव्हा मी घरातल्या आजोबांनाही विचारलं नव्हतं. आणि तेव्हा तुम्हीही मला जाऊन विचार म्हणाला नव्हतात.”