लोण्यासारखा बोल्ट

"मेलेल्या बंदुकीला तुम्ही दुसऱ्यांदा मारलंत, साहेब. आणि पहिल्यांदा मारली तीही तुमच्याच खात्याने!"

पडदेवाली मावशी बंदूक परवान्याच्या कचेरीत खिडकीशी उभी राहून हे एवढ्या मोठ्याने म्हणाली की मागची रांग माना उंचावून बघायला लागली. आतला साहेब चष्मा पुसायला लागला. कुणी खरं बोललं की या लोकांचे चष्मे नेमके तेव्हाच मळतात.

मावशी घरी पडदे शिवायची. नवऱ्याने जन्मभर सैन्याच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त केल्या, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. निवृत्तीनंतर त्याने निकामी केलेल्या जुन्या रायफली जमवल्या. नळीत पोलादी कांब ठोकून वेल्डिंग केलेलं, गोळी पेटवणारी पिन कापलेली, प्रत्येकीवर सरकारी शिक्का. बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात त्या उभ्या असत. पडदे टाकायला आलेल्या बायका आधी कपाटाकडे बघत, मग दाराकडे.

"भीती नाही वाटत हो?" शेजारीण विचारायची.

"कसली भीती? आमच्याकडे डास मारायलासुद्धा चप्पलच लागते," मावशी म्हणायची.

कुणी नाणी जमवली, घड्याळं जमवली, तर तो छंद. मिस्त्रीने रायफली जमवल्या तर त्याचं डोकं फिरलं! लोकांच्या जिभेला हाड नसतं. गोळी सुटण्याचं कौतुक मिस्त्रीला कधीच नव्हतं. त्याला वेड होतं बोल्टचं, मुठीला धरून मागेपुढे सरकवायच्या त्या पोलादी दांड्याचं. मूठ वर, मागे, पुढे, खाली. "एवढी सफाई माणसाने नको त्या कामाला लावली," तो म्हणायचा. "आता तरी निवांत बसू दे बिचारीला."

मग मिस्त्रीची आठवण झिजत गेली. आधी रस्ते गेले, मग नातवंडांची नावं, मग बायको. तो तिला 'बाई' म्हणू लागला. परक्या बाईला म्हणावं तसं, अगदी अदबीने. त्यापेक्षा त्याने शिव्या घालाव्यात, असं तिला वाटायचं.

पण सकाळचा चहा झाला की ती कपाटातली सगळ्यात जुनी रायफल त्याच्या मांडीवर ठेवायची. हात आपणहून कामाला लागायचे. फडकं फिरायचं, बोल्ट सरकायचा, खट्‌ आवाज यायचा, आणि मान वर न करताच तो खेकसायचा, "अगं, तेल कुठे ठेवलंस? जन्माची धांदरट तू!"

तेलाची बाटली तीच मुद्दाम लांब सरकवायची. ते 'अगं' ऐकायला. तेवढ्यावर तिचा सगळा दिवस निघायचा.

अशात नवा नियम आला. निकामी बंदुका पुन्हा तपासून घ्या. मावशी गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण सरळ मार्गाची माणसं, ती स्वतःच रायफली घेऊन गेली. निघण्याआधी मिस्त्रीच्या घरची रीत पाळली. दुसऱ्याच्या हाती हत्यार कोरडं द्यायचं नाही. रोजच्या रायफलीच्या बोल्टला तिने शिवणयंत्राचं तेल दिलं. बाकीच्यांना मिस्त्रीचा हात लागून बरेच दिवस झाले होते, त्यांच्यासाठी तिला वेळ झाला नाही.

साहेबाने एकेक मूठ ओढून पाहिली. गंजलेल्या हलल्या नाहीत, त्या पास झाल्या. ही मात्र लोण्यासारखी सरकली.

"ही तर चालते," साहेब म्हणाला.

"चालते कुठली? नळी बंद, पिन नाही. मेलेल्या माणसाचा हात उचलला तर वर होतोच की!"

"हलता भाग चालणार नाही."

गंज चढू दिला असता तर सुटली असती. जीव लावला म्हणून पकडली गेली. हा यांचा न्याय!

रायफल परत आली तेव्हा बोल्टवर वेल्डिंगचा जाड ओघळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने ती मिस्त्रीच्या मांडीवर ठेवली. त्याने मूठ धरली. वर जाईना. मग दोन्ही हात लावले. अंगठ्याची कातडी सोलली. मावशीने घाईघाईने तेलाची बाटली लांब सरकवली, पण त्याने ती शोधलीच नाही. रायफल हळूच बाजूला ठेवून म्हणाला, "बाई, ही आमची नाही. ज्याची त्याला देऊन टाका. तो वाट बघत असेल."

मावशीने पदराने त्याचा अंगठा बांधला आणि तडक ही खिडकी गाठली.

साहेबाने एकदाचा चष्मा चढवला. "मावशी, बंदूक तुमच्याच घरी आहे ना? कपाटात ठेवायला परवानगी आहे. शोभेत काही कमी झालेलं नाही."

"शोभा तुमच्या कचेरीला लखलाभ! ती कुणाचा जीव घेऊ शकत नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी तुम्ही तिचा गळा आवळलात." मावशीने खिडकीची कड घट्ट धरली. "उद्या चहा झाला की तो माणूस हात पुढे करून बसेल. त्या हातात मी काय ठेवू? नियमात बघा, नाहीतर वरच्या साहेबाला विचारा. मी इथून हलणार नाही. बोला ना, काय ठेवू?"